गल्ल्यावरचे इंग्रजी : व्याकरण थोडे, पण वचन पक्के

आमच्या परिचयाचे एक शिलाई कारखानदार आहेत. बारा मशीन, पंधरा-सोळा कारागीर आणि धंदा शाळेच्या गणवेशांचा. माल उत्तम, भाव वाजवी. नमाज-रोजाचे पाबंद असलेले हे गृहस्थ शब्दालाही तितकेच पक्के. काही वर्षांपूर्वी केरळातील एका पार्टीकडून त्यांना चांगली ऑर्डर मिळाली. केरळात शाळा साधारणपणे 1 जूनला उघडतात, त्यामुळे माल मेच्या मध्यापर्यंत पोचणे जरूर होते. त्या पार्टीला मराठी येत नव्हते आणि उर्दू-हिंदीही जेमतेमच. सगळा व्यवहार मोबाइलवरच्या इंग्रजी संदेशांतून चालला होता.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी आमच्या मित्रांनी संदेश पाठवला : ‘गुड्स सेंड ऑन मंडे.’ त्यांच्या मनात होते, ‘सोमवारी माल पाठवतो.’ समोरच्याने वाचले, ‘माल सोमवारी पाठवला.’ ‘सेंड’ आणि ‘सेंट’ यांत एका अक्षराचा फरक. घाईत चुकले असेल, असे त्याने धरले आणि आपल्या दुकानदारांना तारीख देऊन टाकली. शनिवारी त्याचा फोन आला, ‘बिल्टीचा नंबर द्या.’ बिल्टी कुठली? माल तर अजून इस्त्रीच्या टेबलावर होता! तुम्ही आमच्याशी खोटे बोललात, एवढेच सांगून त्याने फोन ठेवला. तयार असलेला माल त्याने घेतला, उरलेली ऑर्डर दुसरीकडे गेली.

पैशाचे नुकसान झालेच. पण ज्या माणसाने कधी गिऱ्हाइकाला फसवले नाही, तो एका क्रियापदामुळे खोटा ठरला, याचे दुःख त्यांना अधिक झाले. आमच्याजवळ ते म्हणाले, ‘भाई, मी जबान दिली होती ती खरी होती. व्याकरणाने मला खोटे पाडले.’

हा लेख त्या एका वाक्यापायी लिहीत आहोत.

फाडफाड बोलण्याची गरज नाही

इंग्रजी म्हटले की आपल्या समाजातील बरेच व्यापारी बंधू दोनपैकी एक टोक गाठतात. काही म्हणतात, ‘आपल्याला काय करायचे आहे, धंदा हिंदीत चालतो.’ काही जण ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’च्या जाहिरातीला भुलून फी भरतात आणि आठव्या दिवशी जाणे बंद करतात. शाळेतले इंग्रजी आठवायला जावे तर तेही फारसे कामाचे नसते. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते 2000 साली. त्याआधी ते पाचवीपासून होते. आज पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्यांनी जे व्याकरण शिकले ते परीक्षेचे होते : प्रयोग बदला, वाक्याचे रूपांतर करा, गाळलेल्या जागा भरा. गिऱ्हाईक समोर उभे असताना त्यातले काही तोंडात येत नाही.

व्यापाऱ्याला साहित्यिक इंग्रजी लागत नाही. त्याला भाव सांगता यावा, मुदत सांगता यावी, माल गेला की जायचा आहे हे सांगता यावे, आणि कोणी कोणाचे किती देणे आहे हे लिहिता यावे. एवढ्यासाठी लागणारे व्याकरण सहा-सात गोष्टींत मावते. त्या गोष्टी दुकानातल्या प्रसंगांसह खाली देत आहोत.

प्रसंग पहिला : खतावणी आणि शब्दांचा क्रम

‘रहीमने सलीमला पैसे दिले’ म्हणा किंवा ‘सलीमला रहीमने पैसे दिले’ म्हणा, मराठीत अर्थ एकच. कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय कोण देणारा, कोण घेणारा ते सांगतात. इंग्रजीत असे प्रत्यय नाहीत. तेथे जागाच अर्थ ठरवते. ‘रहीम पेड सलीम’ म्हणजे रहीमने सलीमला दिले. ‘सलीम पेड रहीम’ म्हणजे सलीमने रहीमला दिले. शब्द तेच, पण देणेकरी उलटा झाला!

म्हणून पहिला नियम : आधी करणारा, लगेच क्रिया, मग वस्तू. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येते. ‘आम्ही काल माल पाठवला’ याचे ‘वी सेंट द गुड्स यस्टरडे.’ काळवेळ शेवटी सांगावी. आणि करणारा कधीही गाळू नये. मराठीत ‘पाठवतो’ एवढ्यावर भागते, कारण बोलण्याच्या ओघात ‘मी’ कळतो. इंग्रजी क्रियापदातून ते कळत नाही. आमच्या मित्रांच्या संदेशात ‘वी’ नव्हते, तेथूनच घोटाळा सुरू झाला.

उधार-उसनवारीचेही असेच. ‘लेंड’ म्हणजे उसने देणे, ‘बॉरो’ म्हणजे उसने घेणे. ‘आय लेंट हिम टेन थाउजंड’ म्हटले तर पैसे तुमचे येणे आहेत. ‘आय बॉरोड टेन थाउजंड फ्रॉम हिम’ म्हटले तर तुमचे देणे. ही अदलाबदल खतावणीत झाली तर हिशेब कयामतपर्यंत जुळायचा नाही.

प्रसंग दुसरा : ‘पाठवतो’चे चार अर्थ

आता मुख्य मुद्दा. मराठीत ‘माल पाठवतो’ हा वर्तमानकाळ आहे, पण आपण तो भविष्यासाठी सर्रास वापरतो. ‘उद्या येतो’, ‘परवा पैसे देतो’, ‘सोमवारी पाठवतो’. ऐकणारा उमजून घेतो. ज्यांच्या घरी दक्खनी उर्दू बोलतात, त्यांच्याकडे तर ‘कल’ हा एकच शब्द गेलेल्या आणि येणाऱ्या दोन्ही दिवसांसाठी आहे. तेथे क्रियापदावरूनच दिवस कळतो. इंग्रजी क्रियापदाकडूनही हेच काम करून घ्यायचे, पण त्यासाठी रूप नेमके हवे.

‘वी सेंड गुड्स टू कोची.’ आम्ही कोचीला माल पाठवत असतो. ही सवय झाली, नेहमीचा धंदा झाला. यात वचन नाही.

‘वी आर सेंडिंग द गुड्स.’ पाठवणे आता चालू आहे. गाडी भरली जात आहे असे समजा.

‘वी विल सेंड द गुड्स ऑन मंडे.’ येत्या सोमवारी पाठवू. हे वचन.

‘वी सेंट द गुड्स ऑन मंडे.’ गेल्या सोमवारी पाठवला. काम झाले, दिवसही सांगितला.

याशिवाय पाचवे एक रूप फार कामाचे आहे : ‘वी हॅव सेंट द गुड्स.’ माल पाठवून झाला आहे, म्हणजे आमची जबाबदारी पुरी झाली. येथे दिवस सांगायचा नसतो. दिवस सांगायचा असेल तर ‘हॅव’ काढून टाकावे. ‘वी हॅव सेंट यस्टरडे’ हे चूक. ‘वी सेंट इट यस्टरडे’ हे बरोबर.

‘विल’ हा छोटा शब्द व्यापाऱ्याच्या जिभेवर बसला पाहिजे. त्याच्या शेजारचे शब्दही ओळखून असावे. ‘वी कॅन डिलिव्हर’ म्हणजे आम्हाला ते जमण्यासारखे आहे. ‘वी मे डिलिव्हर’ म्हणजे कदाचित देऊ. ‘वी विल ट्राय’ म्हणजे प्रयत्न करू. ‘वी विल डिलिव्हर’ म्हणजे देणारच. जेवढे निभेल तेवढेच बोलावे. समोरच्याने ‘मे’ म्हटले असेल तर त्याच्या भरवशावर पुढच्या गिऱ्हाइकाला ‘विल’ म्हणू नये. धंद्यातली निम्मी भांडणे याच अदलाबदलीतून होतात, असा आमचा अनुभव आहे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. कुरआनच्या सूरह कहफमध्ये शिकवण आहे की अमुक काम मी उद्या करीन, असे म्हणताना अल्लाहची इच्छा असेल तर, हे जोडावे. म्हणून आपण ‘इन्शाअल्लाह’ म्हणतो. पण बाजारात काही जणांनी या पाक शब्दाची काय गत केली आहे? तारीख टाळायची असली की ‘इन्शाअल्लाह देऊ’. परिणामी बाहेरची गिऱ्हाइके समजू लागली की इन्शाअल्लाह म्हणजे ‘बघू’. शिकवण तर अशी आहे की आधी पक्का इरादा करा, मग तो अल्लाहच्या मर्जीवर सोपवा. तेव्हा वाक्य असे असावे : ‘इन्शाअल्लाह, वी विल सेंड द गुड्स ऑन मंडे, द सिक्स्थ ऑफ मे.’ यात भरवसा अल्लाहवर आहे आणि तारीख कागदावर आहे.

प्रसंग तिसरा : एक ‘पर्यंत’, दोन अर्थ

‘सोमवारपर्यंत माल देतो’ आणि ‘सोमवारपर्यंत दुकान बंद आहे’. दोन्ही वाक्यांत ‘पर्यंत’ आहे, पण इंग्रजीत दोन वेगळे शब्द लागतात. सोमवार उजाडून मावळण्याच्या आत एखादे काम उरकणार असेल तर ‘बाय मंडे’. एखादी स्थिती सोमवारपर्यंत चालूच राहणार असेल तर ‘टिल मंडे’. ‘वी विल पे बाय मंडे’ म्हणजे सोमवार ही शेवटची तारीख. ‘द शॉप इज क्लोज्ड टिल मंडे’ म्हणजे तोवर कुलूप. आणि नेमक्या सोमवारीच, आधी नाही नंतर नाही, असे असेल तर ‘ऑन मंडे’.

‘तीन दिवसांत’ म्हणतानाही सांभाळावे. ‘इन थ्री डेज’ याचा अर्थ बहुधा तीन दिवस उलटल्यावर, असा घेतला जातो. तीन दिवसांच्या आत म्हणायचे असेल तर ‘विदिन थ्री डेज’ म्हणावे. पैसे तुमचे येणे असतील तर हा फरक ध्यानात ठेवाच!

‘पासून’चीही तीच कथा. दिवस किंवा तारीख धरून सांगायचे असेल तर ‘सिन्स मंडे’, मुदत मोजून सांगायचे असेल तर ‘फॉर एट डेज’. ‘आठ दिवसांपासून वाट पाहतो आहोत’ याचे ‘वी हॅव बीन वेटिंग फॉर एट डेज.’ आपल्याकडे ‘सिन्स एट डेज’ फार ऐकू येते. अर्थ कळतो, पण पत्र कच्च्या हाताचे दिसते.

प्रसंग चौथा : किती, कितीला आणि अडीचशे

गिऱ्हाईक विचारते, ‘किती?’ इंग्रजीत आधी ठरवावे लागते की वस्तू मोजायची आहे की मापायची. डझनावारी, नगावारी मोजायची असेल तर ‘हाऊ मेनी’ : हाऊ मेनी शर्ट्‌स, हाऊ मेनी मीटर्स. वजनाने, मापाने घ्यायची असेल तर ‘हाऊ मच’ : हाऊ मच राइस, हाऊ मच क्लॉथ. पैशालाही ‘हाऊ मच’ लागते. म्हणून भाव विचारायचा झाला तर ‘हाऊ मच इज धिस?’ ‘गुड्स’ म्हणजे माल. हा शब्द नेहमी अनेकवचनी असतो. ‘द गुड्स आर रेडी’ म्हणावे, ‘इज रेडी’ नव्हे.

भाव सांगताना नगाचा की डझनाचा हे बोलून दाखवावे. ‘हंड्रेड अँड ट्वेंटी रुपीज ईच’ म्हणजे प्रत्येकी एकशेवीस. ‘हंड्रेड अँड ट्वेंटी रुपीज अ डझन’ म्हणजे डझनाला एकशेवीस. या इवल्याशा ‘अ’चे मोल अकरा नगांइतके आहे.

आकड्यांत आणखी एक अडचण आहे. सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन, साडेतीन ही आपली बाजारातली जुनी आणि सोयीची नाणी. इंग्रजीत त्यांना एकशब्दी जोड नाही. दीडशे म्हणजे ‘वन हंड्रेड अँड फिफ्टी’, अडीच हजार म्हणजे ‘टू थाउजंड फाइव्ह हंड्रेड’, पावणेतीन मीटर म्हणजे ‘टू अँड थ्री क्वार्टर मीटर्स’. हे मनात हळू वळवून मगच बोलावे. आपल्या पंचविसात पाच आधी आणि वीस मागून येतात, इंग्रजीत वीस आधी. घाईत बावन्नचे पंचवीस होतात ते यामुळेच.

‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ हे फोनवर सारखेच ऐकू येतात. तेव्हा आकडा सुटा करून पुन्हा सांगावा : ‘फिफ्टीन, वन फाइव्ह.’ परदेशी पार्टीशी बोलताना लाख-कोटी वापरू नये. एक लाख म्हणजे ‘वन हंड्रेड थाउजंड’, एक कोटी म्हणजे ‘टेन मिलियन’. तारीखही आकड्यांत लिहू नये. 5/4 म्हणजे आपल्याकडे 5 एप्रिल, पण अमेरिकेतला माणूस तेच 4 मे असे वाचतो. महिन्याचे नाव अक्षरांत लिहिले की प्रश्न मिटतो.

प्रसंग पाचवा : अदब कुठे ठेवायची?

मराठीत आदर क्रियापदात असतो. ‘दे’, ‘द्या’, ‘द्यावे’, ‘देता का’ अशा पायऱ्या आहेत. शिवाय तू, तुम्ही, आपण आहेतच. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. म्हणून आपला भला माणूस ‘दहा दिवस द्या’चे सरळ ‘गिव्ह मी टेन डेज’ करतो आणि समोरच्याला तो हुकूम वाटतो. मनातली अदब जिभेवर येताना वाटेतच गळते.

ती भरून काढण्याचे साधन म्हणजे ‘कुड’, ‘वुड’ आणि ‘प्लीज’. ‘कुड यू प्लीज गिव्ह अस टेन डेज?’ म्हणजे आपण आम्हाला दहा दिवस देऊ शकाल का. ‘आय वॉन्ट सॅम्पल’ऐवजी ‘आय वुड लाइक अ सॅम्पल.’ नकार देतानाही ‘नो, नॉट पॉसिबल’ असे तोडण्यापेक्षा ‘आय ॲम सॉरी, वी डोन्ट हॅव इट इन ब्लू’ म्हणावे.

प्रश्न विचारताना ‘डू’ आणि ‘डिड’ पुढे आणावे. आपला ‘का’ शेवटी येतो, त्यांचा ‘डू’ सुरुवातीला. ‘डू यू हॅव स्टॉक?’ ‘डिड यू रिसीव्ह द पेमेंट?’ ‘डिड’ आले की गेलेला काळ त्यातच आला, पुढचे क्रियापद साधेच राहते. ‘डिड यू रिसीव्ह्‌ड’ म्हणजे एकाच बिलाची दोनदा वसुली!

प्रसंग सहावा : मुलाखतीची खुर्ची

रत्नागिरी-रायगडच्या घराघरांतून आखातात गेलेली माणसे आहेत. आजही वेल्डर, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, हिशेबनीस म्हणून जाणाऱ्या तरुणांची मुलाखत बहुधा इंग्रजीत होते, आणि प्रश्न ठरावीक असतात. तेथेही काळ घात करतो. ‘आय वर्क्ड ॲज अ वेल्डर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे पाच वर्षे काम केले, आता करत नाही. ‘आय हॅव वर्क्ड ॲज अ वेल्डर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे पाच वर्षे झाली, अजून करतो आहे. हातात काम असलेला उमेदवार पहिले वाक्य बोलून स्वतःला बेकार ठरवतो.

आणखी एक सूचना. ‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम हॅविंग एक्स्पीरियन्स’ असे म्हणू नये. माहीत असणे, जवळ असणे ही चालू क्रिया नव्हे. ‘आय नो’, ‘आय हॅव’ एवढे पुरे.

लिहून ठेवा

कुरआनमधील सर्वांत मोठी आयत ही सूरह बकराची 282 वी. तिचा विषय कोणता, तर मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने तो न्यायाने लिहावा, आणि रक्कम लहान आहे म्हणून लिहिण्याचा कंटाळा करू नये. आपल्या दीनने लिखाणाला एवढे महत्त्व दिले असताना आपण मोठमोठे सौदे ‘ओके भाई’ या दोन शब्दांवर सोडून देतो, ही खेदाची गोष्ट आहे. फोनवर बोलणे झाले की पाच ओळींचा संदेश पाठवावा : कोणता माल, किती नग, काय भाव, कोणत्या तारखेला, पैसे कधी. प्रत्येक ओळीत कर्ता हवा, क्रियापद हवे. शेवटी ‘प्लीज कन्फर्म’ लिहावे. समोरच्याचे उत्तर आले की मग कात्री कापडाला लावावी.

सराव कसा करावा?

मोठे पुस्तक घेऊन बसू नये. शंभर पानी वही घ्यावी. रोज दुकान बंद करताना, दिवसभरात आपण मराठीत किंवा उर्दूत बोललेली पाच वाक्ये त्यात लिहावी. ‘सूत संपले’, ‘कारागीर आला नाही’, ‘चेक उद्या टाकतो’. प्रत्येक वाक्याचे इंग्रजी करावे, आणि तेच वाक्य काल, आज, उद्या अशा तीन काळांत फिरवावे. दिवसाला पंधरा वाक्ये झाली. महिन्याभरात चारशेच्या वर वाक्ये होतील आणि ती सगळी तुमच्या धंद्यातली असतील.

वही तपासायला घरातले मूल बसवावे. आठवी-नववीतल्या मुलीला बापाची चूक काढण्यात मोठी मौज वाटते. तिचाही अभ्यास होतो. ज्या भगिनी घरी शिवणकाम, लोणची-मसाले किंवा मेंदीची कामे करतात, त्यांनी तर हा सराव जरूर करावा. आता त्यांच्याकडेही ऑर्डरी फोनवरून येतात आणि प्रत्येक वेळी मजकूर वाचून घ्यायला कोणी पुरुष घरात असतोच असे नाही. लिहिलेले मोठ्याने वाचावे, मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रण करून ऐकावे. चूक होईल म्हणून लाजू नये. मात्र आकडा, तारीख आणि क्रियापद या तीन ठिकाणी चूक चालवून घेऊ नये.

परकी भाषा शिकणे आपल्या परंपरेला परके नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांचे लिखाण शिकून घेण्यास सांगितले होते. कारण पत्रव्यवहार दुसऱ्याच्या भरवशावर राहू नये. हदीसच्या ग्रंथांत नोंद आहे की त्यांनी ते अर्ध्या महिन्यात आत्मसात केले. ते बुद्धिमान होते हे खरेच. पण नेमके काय आणि कशासाठी शिकायचे हेही त्यांना ठाऊक होते. आपलेही तसेच आहे. पत्र आपले, वचन आपले, मग शब्दही आपल्याच ताब्यात असावे.

आमच्या त्या कारखानदार मित्रांनी आता एक शिस्त घालून घेतली आहे. संदेश लिहिला की पाठवण्याआधी ते क्रियापदावर बोट ठेवतात आणि स्वतःला विचारतात, ‘हे झाले आहे, की व्हायचे आहे?’ केरळची ती पार्टी परत आली नाही. पण तिच्यानंतर जोडलेल्या एकाही पार्टीने त्यांना बिल्टीवरून खोटे ठरवलेले नाही. अल्हम्दुलिल्लाह.